गूढ घटनांची पुस्तकं मी लॉगबुकासारखी वाचतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: खऱ्या घडलेल्या गूढ घटनांवरची पुस्तकं वाचायला जाम आवडतात, गायब झालेली जहाजं, रिकामी दीपगृहं, डोंगरात सापडलेले सांगाडे वगैरे, पण दोन गोष्टींचा त्रास होतो. एक तर तीनशे पानं वाचून शेवटी उत्तर मिळत नाही, आणि दुसरं म्हणजे त्यातलं खरं किती आणि नंतर चिकटवलेलं किती हेच कळत नाही. मग मजा न घालवता वाचायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची?

मी मर्चंट नेव्हीत २७ वर्षं काढली, शेवटची ९ कॅप्टन म्हणून. जहाजावर वाचायला वेळ भरपूर मिळतो आणि बेपत्ता जहाजांची पुस्तकं तर प्रत्येक जहाजाच्या कपाटात दोन-चार सापडतातच. त्यामुळे हे सगळं मी समुद्रावरचा माणूस म्हणून सांगतोय, इतिहासाचा प्राध्यापक म्हणून नाही.

माझं आजोळ रेवसच्या जवळ. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, हे त्या पट्ट्यात आजही लहान मुलांना माहीत असतं. आजी ती गोष्ट दर पावसाळ्यात सांगायची. आणि गावात कितीतरी घरं अशी होती की आमचे अमुक काका त्याच बोटीने येणार होते पण धक्क्यावर पोचायला दोन मिनिटं उशीर झाला. मोठा झाल्यावर मला कळलं की इतके सगळे लोक दोन मिनिटांनी चुकणं काही शक्य नाही. पण ते खोटं बोलत नव्हते हो. एवढ्या मोठ्या दुःखाच्या जवळ कुठेतरी आपणही उभे होतो असं माणसाला सांगावंसं वाटतं, आणि पन्नास वर्षांनी ते त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागतं. गूढ घटनांच्या पुस्तकात नेमकं हेच होतं, फक्त तिथे सांगणारे जास्त असतात आणि त्यातल्या काहींना पुस्तक खपवायचं असतं.

आता लॉगबुकाचं, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीचं, सांगतो. जहाजावर जे घडतं ते घडलं त्याच वेळी ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथल्या, कच्च्या वहीत लिहिलं जातं, घाईत, वाकड्यातिकड्या अक्षरात, मध्येच कॉफीचा डागसुद्धा असतो. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपताना ते पक्क्या लॉगमध्ये उतरवतात. अपघात झाला की चौकशी करणारा माणूस आधी कच्ची वही मागतो, पक्की नंतर बघतो, कारण पक्क्या वहीत वाक्यं सुधारलेली असतात. मी पुस्तकं अशीच वाचतो. हातात पेन्सिल, आणि अंगावर काटा आणणारा प्रत्येक तपशील आला की समासात एक वर्ष लिहितो, म्हणजे हे पहिल्यांदा कुणी कधी सांगितलं त्याचं वर्ष. लेखकाने ते दिलंच नसेल तर प्रश्नचिन्ह. बाकी काही नाही, एवढीच माझी पद्धत आहे, आणि याने मजा कमी होत नाही, उलट दुसरीच एक गोष्ट दिसायला लागते: कथा वाढते कशी.

सगळ्यात चांगलं उदाहरण स्कॉटलंडच्या फ्लॅनन बेटांवरचं दीपगृह. डिसेंबर १९००. आयलन मोर नावाच्या उजाड बेटावर तीन रखवालदार, जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. १५ डिसेंबरच्या रात्री तिथून गेलेल्या एका जहाजाला दिवा दिसला नाही. हेस्परस ही बदलीची बोट २० तारखेला जायची होती ती हवामानामुळे २६ ला पोचली, आणि जोसेफ मूर नावाचा रखवालदार वर चढून गेला तर आत कुणीच नाही. तिघंही कायमचे गेले, एकही मृतदेह मिळाला नाही.

ही गोष्ट तुम्ही कुठेही वाचलीत तर त्यात दोन तपशील हमखास असतात. टेबलावर अर्धवट सोडलेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची. आणि दुसरं म्हणजे लॉगमधल्या त्या भीतिदायक नोंदी, कधी नव्हे असं वादळ, डुकॅट गप्पगप्प, दुसरा रडतोय, सगळे प्रार्थना करतायत वगैरे. मी पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा केबिनमध्ये रात्री दिवा चालू ठेवून झोपलो होतो. आता समासात वर्षं लिहा. जेवण आणि खुर्ची: १९१२, विल्फ्रिड गिब्सन या कवीची कविता. लॉगच्या त्या नोंदी: १९२९, अमेरिकेतल्या एका सनसनाटी मासिकातला लेख. मूर स्वतः काय म्हणाला ते १९०० सालचं आहे आणि त्यात स्वयंपाकघर आवरलेलं होतं, भांडी घासून ठेवलेली होती. आणि रडण्याच्या नोंदीबद्दल मी माझ्या धंद्यातलं सांगतो, दीपगृहाचा असो की जहाजाचा, लॉगमध्ये वारा, समुद्र, बॅरोमीटर, दिवा कधी लावला कधी विझवला असलं लिहितात. सहकारी रडतोय हे कुणी लिहीत नाही, आणि मुख्य रखवालदाराबद्दल हाताखालचा माणूस तर मुळीच नाही, कारण ती वही वरिष्ठ तपासतात. हे वाक्य एखाद्या जुन्या खलाशाने वाचलं असतं तर तेव्हाच खोटं ठरलं असतं.

मग उरतं काय? मला विचाराल तर जे उरतं ते जास्त भयंकर आहे. नॉर्दर्न लाइटहाउस बोर्डाचा अधीक्षक रॉबर्ट म्यूरहेड लगेच चौकशीला गेला होता, आणि त्याच्या रिपोर्टमध्ये पश्चिमेच्या धक्क्याचं वर्णन आहे. समुद्रापासून ११० फूट उंचीवर एका कपारीत दोर वगैरे ठेवायची पेटी होती ती फुटून गेलेली. लोखंडी कठडे वाकलेले. आणि कड्याच्या वर, २०० फुटांवर, काठाची हिरवळ उचकटलेली. मॅकआर्थरचा पावसाळी कोट मात्र आत खुंटीवर तसाच, म्हणजे डिसेंबरात, स्कॉटलंडच्या त्या वाऱ्यात, तो शर्टावर बाहेर गेला. म्यूरहेडचा निष्कर्ष साधा होता, १५ तारखेला दुपारी सामान बांधायला गेले असताना एक प्रचंड लाट वर आली आणि घेऊन गेली. आता तो कोट बघा. दोघं तयारीने गेले, तिसरा तसाच धावला. का धावला? काय ऐकलं त्याने? वरून लाट येताना दिसली म्हणून सावध करायला, की एकजण पडला म्हणून दुसरा मदतीला हाक मारत आला म्हणून? नियमाप्रमाणे दीपगृह मोकळं सोडायचं नसतं, तरी गेला. मी या एका कोटावर कितीतरी वॉच विचार करत घालवलेत. उलटी खुर्ची ही कवीने दिलेली, तिच्यात विचार करण्यासारखं काही नाही. कोट खरा आहे.

आणि ११० फुटांची लाट वगैरे शक्य आहे का, असं पूर्वी किनाऱ्यावरचे लोक विचारायचे. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउपनर प्लॅटफॉर्मवर यंत्राने २५.६ मीटरची एक लाट मोजली, आजूबाजूच्या लाटा तिच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या, तेव्हा कुठे खलाशी सांगतात ते खरं असतं हे मान्य झालं. आणि कड्यावर आपटून वर उडणारं पाणी तर उघड्या समुद्रातल्या लाटेपेक्षा कितीतरी उंच जातं.

अटलांटिकमधल्या बर्म्युडा ट्रँगलबद्दल फार लिहीत नाही, मी तिथून कितीतरी वेळा गेलोय, तो जगातल्या सगळ्यात गर्दीच्या जलमार्गांपैकी एक आहे. पण एक माणूस माहीत असायला हवा, लॅरी कुशे. ॲरिझोनातल्या युनिव्हर्सिटीत ग्रंथपाल होता. विद्यार्थी येऊन या विषयावर माहिती मागायचे म्हणून त्याने प्रत्येक घटनेची त्या त्या तारखेची वर्तमानपत्रं, हवामानाचे रिपोर्ट, विम्याचे कागद मागवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये ते सगळं पुस्तकात मांडलं. जिथे ‘शांत समुद्रात गायब’ लिहिलं होतं तिथे वादळ निघालं. फ्रेया नावाचं जर्मन जहाज १९०२ चं, ते तर चक्क पॅसिफिकमध्ये, मेक्सिकोच्या दुसऱ्या बाजूला सापडलं होतं! सगळं उत्तर लायब्ररीत पडून होतं, फक्त कुणी मागितलं नव्हतं. गूढ घटनांच्या वाचकाने या ग्रंथपालाचा फोटो टेबलावर लावावा असं मला मनापासून वाटतं.

पण त्यातली फ्लाइट १९ ची केस मात्र नीट वाचा, घाई करू नका. ५ डिसेंबर १९४५, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलवरून उडालेली नेव्हीची पाच ॲव्हेंजर विमानं, १४ माणसं. प्रमुख होता लेफ्टनंट चार्ल्स टेलर. त्याला वाटलं होकायंत्रं बंद पडली आणि आपण फ्लोरिडा कीज बेटांवर आहोत, बहुतेक तो होता बहामाजवर, म्हणजे किनारा पश्चिमेला. अंधार पडत गेला, हवा बिघडत गेली, इंधन संपत आलं, आणि ते सगळं रेडिओवर ऐकू येत होतं. शोधायला गेलेलं एक विमानही १३ माणसांसह गेलं, त्या बाजूच्या एका टँकरने आकाशात ज्वाळा बघितल्या. नेव्हीने आधी टेलरची चूक म्हटलं, त्याच्या घरच्यांनी ते मान्य केलं नाही, पाठपुरावा केला, आणि रिपोर्टमध्ये ‘कारण अज्ञात’ असा बदल झाला. नंतरच्या लेखकांनी तो ‘अज्ञात’ शब्द उचलला आणि बघा, नेव्हीसुद्धा चक्रावली, म्हणून छापलं. एका आईला मुलावरचा ठपका काढायचा होता, त्यातून आलेला शब्द आहे तो. हे कळल्यावर ती घटना माझ्यासाठी लहान झाली नाही, मोठी झाली.

आकड्यांवरही पेन्सिल फिरवायची सवय लावा. आपल्याच बाजूची गोष्ट, नोव्हेंबर १८८८, वैतरणा नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि वादळात गेली, तिचा पत्ताच लागला नाही. विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे. कागदोपत्री माणसं साधारण साडेसातशे. गुजराती लोकगीतांत तेराशे. आणि गाण्यात ज्याचं नाव आहे तो हाजी कासम कप्तान होता की मुंबईतला बोटीचा बुकिंग एजंट यावरच वाद आहे. शंभर सव्वाशे वर्षांत एवढं सरकतं, आणि ते कुणी फसवायला केलेलं नाही, गाणं लक्षात राहावं म्हणून होतं.

आता उत्तर न मिळण्याचा मुद्दा, कारण मला वाटतं खरा त्रास तिथे आहे. आपण शेवटच्या पानावर खुनी सापडतो त्या सवयीने वाचतो. पण खऱ्या घटनेत बघायचं असतं ते हे की सुरुवातीला शक्यता किती होत्या आणि आता किती उरल्या. पंधरातल्या दोन उरल्या तर ते पुस्तक यशस्वी आहे. आणि कधीकधी उलटंच होतं, संशोधन जितकं चांगलं तितकं कोडं अवघड, आणि त्यासारखी मजा दुसरी नाही.

रूपकुंड घ्या. उत्तराखंडात साधारण ५,००० मीटरवर एवढंसं तळं, १९४२ मध्ये एका रेंजरला तिथे शेकडो माणसांची हाडं दिसली. कुणी म्हणालं जपानी सैनिक, कुणी म्हणालं रोगराई, कुणी राजा-राणीच्या यात्रेची लोककथा सांगितली. २००४ च्या सुमाराला कवट्यांवरच्या जखमा बघून गारपिटीचा तर्क पुढे आला, वरून पडलेल्या मोठ्या गारा, आणि सगळ्यांना वाटलं चला सुटलं. मग २०१९ मध्ये ३८ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संस्थेचे, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे लोक होते, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी होत्या. निघालं काय? २३ जण दक्षिण आशियातले, इसवी सन ८०० च्या आसपासचे आणि तेही एकाच वेळी मेलेले नाहीत. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या लोकांशी, म्हणजे ग्रीस-क्रीट बाजूच्या लोकांशी जुळणारे, आणि ते १८०० च्या आसपासचे! एकजण आग्नेय आशियातला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी हिमालयात एवढ्या उंचीवर ही माणसं काय करत होती, आणि त्यांची कुठेच नोंद कशी नाही? हे वाचलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवलं. परग्रहवासी आणून कुणालाही एवढं आश्चर्य निर्माण करता आलं नसतं.

पुस्तक विकत घेताना मी मधलंच एखादं पान उघडून बघतो. जहाजात माल काय होता, पगार किती, वारा कुठल्या दिशेचा, हे कंटाळवाणं ज्याने लिहिलंय तो लेखक माझा. ‘शास्त्रज्ञही थक्क झाले’ असं आहे आणि कुठले शास्त्रज्ञ ते नाही, तर पुस्तक परत ठेवतो. आपल्याकडच्या पंचवीस गूढांच्या संग्रहांचं दुखणं हेच आहे, प्रत्येकाला चार पानं, त्यात तारीख एखादी. वाचायचेच असतील तर फक्त विषय निवडायला वापरा, आणि मग एकाच घटनेवरचं एक जाड पुस्तक घ्या.

सुरुवात कुठून, तर माझं उत्तर मेरी सेलेस्ट हे जहाज. कारण या केसमध्ये कोर्टात दिलेली साक्ष उपलब्ध आहे आणि दंतकथाही सगळ्यात जास्त, म्हणजे पेन्सिलीचा सराव होतो. ७ नोव्हेंबर १८७२ ला न्यूयॉर्कहून इटलीतल्या जेनोआला निघालं, १,७०१ पिंपं अल्कोहोल, कॅप्टन बेंजामिन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी. डिसेंबरच्या सुरुवातीला अझोर्स आणि पोर्तुगालच्या मध्ये डेई ग्रेशिया या जहाजाला ते रिकामं भरकटताना दिसलं. काही पुस्तकांत ४ डिसेंबर असतं काहींत ५, आणि लोक त्यावरून भांडतात. त्या काळी जहाजावरचा दिवस मध्यान्हीपासून सुरू व्हायचा, त्यामुळे जमिनीवरची ४ तारखेची दुपार म्हणजे जहाजावर ५ तारीख लागलेली. दोन्ही बरोबर आहेत.

गरम चहा, अर्धवट नाश्ता, हे सगळं खोडून टाका, ते कोर्टात कुणीच सांगितलेलं नाही. ‘मारी सेलेस्ट’ हे चुकीचं नाव १८८४ च्या कॉनन डॉइलच्या एका कथेमुळे पसरलं. साक्ष दिली ती डेई ग्रेशियाचा मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, ऑलिव्हर डेव्हो याने, जो पहिल्यांदा चढला. तो सांगतो होडी नव्हती, क्रोनोमीटर आणि सेक्स्टंट ही समुद्रात जागा काढायची साधनं आणि जहाजाचे कागद नव्हते, लॉगच्या पाटीवरची शेवटची नोंद २५ नोव्हेंबर सकाळची, सांता मारिया बेटाजवळची. होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या तळाच्या जागेत, साडेतीन फूट पाणी. एक पंप उघडून ठेवलेला आणि साउंडिंग रॉड, म्हणजे तळात पाणी किती ते मोजायची काठी, डेकवर पडलेली.

त्या काठीपाशी मी थांबलो. चीफ ऑफिसर असताना एकदा उत्तर पॅसिफिकमध्ये पहाटे चारला नंबर दोन होल्डच्या बिल्जची, म्हणजे तळाशी पाणी साचतं त्या खड्ड्याची, साउंडिंग मीटरच्या वर आली. गहू भरलेला, बाहेर वादळ. पुढची सात-आठ मिनिटं मी कधीच विसरणार नाही, पोटात खड्डा पडतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मग पाणी मोजायची टेप कोरडी पुसून, खडू लावून पुन्हा सोडली तर आठ सेंटिमीटर. टेप ज्यातून सोडतात त्या पाइपच्या आतल्या भिंती ओल्या होत्या, त्यालाच टेप घासून वरपर्यंत भिजली होती. माझ्याकडे पुन्हा मोजायला वेळ होता आणि दुसरी टेप होती. ब्रिग्जकडे बिघडलेला पंप असेल, खालून अल्कोहोलच्या वाफा येत असतील, नऊ पिंपं नंतर रिकामी मिळाली, आणि नजरेसमोर बेट होतं. लोक विचारतात एवढा अनुभवी कप्तान धड जहाज सोडून होडीत उतरेलच कसा? आमची मुलगी तीन वर्षांची असताना बायको आणि ती एका काँट्रॅक्टला माझ्याबरोबर जहाजावर होत्या, आणि ड्रिलच्या वेळी मी सगळ्यात आधी तिच्या जॅकेटच्या पट्ट्या ओढून बघायचो, बाकी सगळं नंतर. मला ब्रिग्ज पूर्ण समजतो. शंका आली की त्याने बायको-मुलीला आधी होडीत बसवलं असणार, आणि मग दोर सुटला किंवा तुटला, आणि जहाज शिडात वारा भरून त्यांच्यापासून लांब गेलं. सिद्ध करता येत नाही, पण उरलेल्या शक्यतांत मी हिच्याच बाजूने आहे. जहाज जिथे नेलं त्या जिब्राल्टरच्या कोर्टाला मात्र शेवटपर्यंत खुनाचा संशय राहिला, आणि जहाज वाचवणाऱ्यांना फक्त १,७०० पौंड मिळाले, जहाज-मालाच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढे.

ब्रिग्जना मोठा मुलगाही होता, आर्थर, सात वर्षांचा. शाळा बुडू नये म्हणून त्याला मॅसॅच्युसेट्समध्ये मॅरियनला आजीकडे ठेवलं होतं. निघाल्यावर वारा उलटा होता म्हणून जहाज स्टेटन आयलंडजवळ नांगर टाकून थांबलं, तेव्हा साराने सासूला पत्र लिहिलं आणि आर्थरच्या पत्रांची मी वाट बघतेय असं त्यात कळवलं. ते पत्र पोचलं, जपलं गेलं, आजही वाचायला मिळतं. सुरुवात त्या पत्रापासून करा.